बसूनं लावून दिलेली सकाळ

चार वर्षांनी मोबाइलवर बसूचं नाव उमटलं तेव्हा मी लातूरच्या माझ्या क्लासमध्ये खुर्च्यांचा भाव पाडत बसलो होतो. मनात म्हटलं, वाकला एकदाचा. दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला, तर नांदेडहून वहिनी बोलत होत्या. "भाऊजी, हे गेले..." पावणेदोन महिने झाले त्याला. पहिले दोन फोन मी का उचलले नाहीत, हे वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

भूकंपात आमचं गाव पडलं तेव्हा आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. बसूच्या घरातलं कुणीच उरलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तो आमच्यातच राहिला. मदतीच्या यादीत नाव आहे का, ते बघायला रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जायचा आणि माझंही बघून यायचा. पुढे लातुरात क्लासेसची लाट आली. मी भांडून, घासाघीस करून क्लास उभा केला, वर साठ कॉम्प्युटरांचा हॉल बांधला आणि तो बसूच्या हवाली केला.

त्या हॉलमधला प्रत्येक कॉम्प्युटर सर्व्हरच्या यादीत असतो. दोघांमध्ये एक गुप्त शब्द ठरलेला असतो. कॉम्प्युटर बिघडला म्हणून त्यावर आधी जपून ठेवलेली जुनी प्रत परत चढवली, की कधी कधी तो शब्द जुळत नाही. मग सर्व्हर त्याला ओळखत नाही आणि मुलांना त्यावर लॉगिन करता येत नाही. एका सराव परीक्षेच्या दिवशी असे वीस कॉम्प्युटर एकदम यादीबाहेर पडले. दारात पालक उभे होते. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत ओरडलो, "पत्र्याच्या शेडातून उचलून आणलं तुला, अन् हे दिवस दाखवायलास व्हय रे?"

एकेका मशीनपाशी बसून त्यानं वीसही परत जोडले. मग आठ दिवस खपून एक प्रोग्राम लिहिला. रोज सकाळी तो प्रोग्राम साठही मशीन तपासायचा आणि तुटलेलं आपोआप जोडायचा. "आता तुला माझी गरज न्हाई," एवढं म्हणून बसू नांदेडला गेला. ऐन प्रवेशाच्या दिवसांत मला सोडून गेला, हे माझ्या मनातून गेलं नाही. मी त्याच्याकडून हॉलची किल्ली मागून घेतली. सर्व्हरवरचं त्याचं खातं बंद करायचं मात्र सुचलं नाही. मशीन नीट चालत राहिली आणि मी म्हणत राहिलो, बघा, त्याच्यावाचून काही अडलं का?

तेराव्याला नांदेडला गेलो. वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यातसुद्धा लॅपटॉप मागून घ्यायचे. लातूरचं एक काम राहिलंय म्हणायचे." मला रागच आला. लातुरात याचं आता काय काम उरलं होतं? आणि मला साधा फोन नाही?

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर पुन्हा बाहेर पडू लागले. बसूनंतर हॉल बघणारे मुरुडचे शिंदे दुपारी खाली आले. "सर, हा प्रोग्राम ज्या खात्यावर चालतो, त्याचा पासवर्ड दर दोन महिन्यांनी बदलावा लागतो, न्हाईतर तो थांबतो. कोण बदलत होतं?"

"कुणी न्हाई. ते आपोआप होतं."

"न्हाई सर. नांदेडहून कुणीतरी बदलायचं. चार वर्षं, एकदाही चुकलं न्हाई." शेवटचा बदल बसूच्या मृत्यूच्या पंधरा दिवस आधीचा होता.

शिंद्यांनी आता सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. "जुनं खातं काढून टाकू का?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्यावर खेकसलो. बाहेर पडलेल्यांतलं सतरा नंबरचं मशीनही मी त्यांना जोडू दिलेलं नाही. रोज सकाळी वर्ग भरायच्या आधी मी वर जातो आणि ते सुरू करतो. सर्व्हर ओळख देत नाही. थोडा वेळ तसाच बसतो... मग बंद करून खाली येतो.