बाबांच्या वाट्याचं नेटवर्क

पाडव्याच्या शोभायात्रेला अख्खी डोंबिवली रस्त्यावर उतरते आणि ज्याच्या त्याच्या हातात फोन. एवढ्या माणसांना एकाच टॉवरचं नेटवर्क वाटून द्यायचं, हे माझं काम.

सरांचा हिशोब सरळ होता. ज्यांना सिग्नल चांगला त्यांना जास्त द्यायचं, म्हणजे टॉवरनं पोचवलेल्या डेटाचा एकूण आकडा फुगतो. लांब, भिंतींआड बसलेल्यांना द्यायला गेलं तर खर्ची पडतं खूप आणि पोचतं थेंबभर.

"मग त्यांनी काय करायचं?" मी विचारलं.

"अगं, टोटल बघ ना!"

त्या लांबच्यांत माझे बाबा होते. मानपाड्याला तळमजल्यावरची मागची खोली, चहूबाजूंनी नव्या इमारती. वर्षानुवर्षं शोभायात्रेतल्या पालखीला खांदा दिलेला माणूस त्या वर्षी अंथरुणाला खिळलेला. मला म्हणाले, "ढोल खिडकीतून ऐकू येतील गं. पालखी तेवढी दाखव." त्यांना पुढचा पाडवा दिसणार नाही, हे डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलेलं.

कडेच्या सगळ्यांसाठीच थोडा वाटा राखून ठेवा, म्हणून मी सरांशी कडाकडा भांडले. शेवटी ते वैतागले. "बाबांचा नंबर यादीत सगळ्यांच्या वर घाल आणि गप्प बस बाई!" तत्त्वं गेली खड्ड्यात, मी घातला. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं म्हणतात, ते काही खोटं नाही.

पाडव्याला रस्त्यावरून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. नवा सदरा घालून, उशीला टेकून बसलेले. चित्र कसं लख्ख! आधी लेझीमवाली पोरं गेली, मागोमाग वळणावर पालखी दिसली. मी फोन उंच धरून ओरडले, "बाबा, आली बघा!"

पडद्यावर बाबा नव्हतेच. समोरच्या घरातल्या काकू होत्या, डोळ्यांना पदर लावून बघत होत्या. तेवढ्यात पालखी पुढे गेली.

घरी गेले ती तणतणतच. "बाबा, तुमच्यासाठी केलेलं ना मी!"

"अगं, त्यांचा नातू लेझीम खेळत होता. त्यांच्या फोनवर काही दिसेना, दारात उभ्या होत्या बिचाऱ्या. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?" बाबा खोकत खोकत हसले. "मी बघेन की पुढच्या वर्षी."

इतका राग आला मला त्यांचा! स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पावसाळ्याआधीच बाबा गेले.

पुढच्या पाडव्याला मी कडेच्या प्रत्येक फोनचा वाटा राखून ठेवला, कुणालाही न विचारता. एकूण आकडा पडला. सरांचा फोन आला, "काय करून ठेवलंस हे?" म्हटलं, "पडू दे सर. काय करायचं ते करा माझं."

पालखी आली तेव्हा घरी कॉल लावला. आईनं उचलला, पालखीला हात जोडले. म्हणाली, "किती स्वच्छ दिसतंय गं."

मला पुढे फोन धरवेना.