सुभेदारीणबाईंनी घर घेतलं

आमच्या सासूबाई रस्त्याने चालताना समोर कधी बघत नसत. मान वर, पदर खांद्यावर घट्ट आणि नजर लोकांच्या बाल्कन्यांवर. कोणाच्या दोरीवर काय वाळतंय, हे त्या इतक्या निवांतपणे बघत की वरची बाई ओशाळून आत जाई. लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा त्यांच्याबरोबर भाजीला जायचं म्हटलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी सांगलीची. आमच्याकडे घर बघायला गेलेलं माणूस खाली बघतं. पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, हे आधी विचारतं. वर बघून घराची पारख करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

सासरे फौजेत सुभेदार, म्हणून सगळी गल्ली सासूबाईंना सुभेदारीणबाई म्हणायची, आणि त्यांनाही ते आवडायचं. त्यांचा सगळा संसार सरकारी क्वार्टरांत झाला. बदलीचा हुकूम आला की ट्रंका उचलायच्या. नव्या छावणीत पोचल्यावर त्या आधी दोऱ्या बघत. कुठल्या घरात तान्हं बाळ आहे, कोणाचा नवरा सीमेवर गेलाय, कोण कुलूप लावून गावी गेलंय, हे त्यांना चहाच्या आत कळे. "मानूस तोंडानं काय बी सांगंल, सूनबाई," त्या म्हणत. "वलं कापाड खोटं बोलत न्हाई."

निवृत्त झाल्यावर सासरे लवकरच गेले. मागे राहिली ती त्यांची पुंजी आणि साताऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या. त्या पुंजीतून स्वतःचं घर घ्यायचं, एवढीच सासूबाईंची इच्छा. पण पुंजी एकदाच खर्च होणार होती. चुकीच्या वेळी, चुकीच्या घरात गेली तर पुढचा सगळा जन्म भाड्याच्या खोलीत जाणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आणि नेमकी तेव्हाच घरांची मंदी आली. हायवेच्या कडेला नव्या स्कीम उभ्या होत्या. पुण्या-मुंबईच्या लोकांनी पुढे विकू म्हणून फ्लॅट घेऊन ठेवले होते आणि आता गिऱ्हाईकच आटलं होतं. दर सणाला बोर्डावरचा भाव उतरायचा. पाडव्याला किचन ट्रॉली फुकट, दसऱ्याला स्कूटर फुकट. आता भाव चढणारच, असं सगळं गाव म्हणत होतं, आणि माझा नवरा संदीप प्रत्येक बोर्डाला हुरळून जायचा.

"आई, याच्या खाली आता येणार नाही. घेऊन टाकू."

"कोन म्हनतंय?"

"बिल्डरच म्हणाला."

"मग यील अजून खाली," म्हणून त्या कूकर लावायला उठल्या.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याने विकायला घेतलंय त्याला हप्ते भरावे लागतात. तो किती दिवस दम धरणार? घरं रिकामी आहेत तोवर भाव घसरत राहणार. राहणारी माणसं आली की थांबणार. म्हणून संध्याकाळी त्या मला घेऊन स्कीम बघत हिंडायच्या. पावसाळ्यात मात्र साताऱ्यात कपडे घरातच वाळतात, त्यामुळे जूनपासून त्या बाजाराबद्दल मत देणं बंद करत. गल्लीतलं कोणी विचारलं तर म्हणत, "उघडीप पडू द्या, मंग सांगते." आणि लोक खरोखर थांबत.

गुपित ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. एका बिल्डरच्या ऑफिसात त्याचाच चहा पिऊन त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं, "तुमच्या दोऱ्या मोकळ्या हायत. भरल्या की येते."

दिवाळीनंतर बघतो तर त्याच बिल्डरच्या इमारतीच्या दोऱ्या भरलेल्या. साड्या, शर्ट, टॉवेल, सगळं वाऱ्यावर हलतंय. सासूबाईंचा चेहरा खुलला. संदीपला तर आभाळ ठेंगणं झालं. सोमवारी विसार द्यायचा ठरला. आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "चल, आपलं घर येकदा बघून यिऊ."

इमारतीखाली उभं राहून त्या बराच वेळ वर बघत होत्या. मग म्हणाल्या, "आज वार कोनचा?"

"रविवार."

"मग एवढ्या घरांत येका बी पोराचा शाळंचा ड्रेस का वाळत न्हाई?"

त्या तडक वॉचमनपाशी गेल्या. "दादा, ही कापडं कुनाची वं?"

तो आधी चुळबुळला, मग हसायलाच लागला. "आवं, सायबांनी आठवडी बाजारातनं जुनी आनल्यात. सकाळी भिजवून घालायची, अंदार पडला की काढायची. लय कटाळा आलाय बगा."

सासूबाई हसत हसत तिथल्या वाळूच्या ढिगाऱ्यावरच बसल्या. "माझ्यापायी रोज एवढ्या लुगड्यांस्नी पानी मारलं व्हय रं?" त्यांना राग आलाच नाही. पण परत येताना त्यांनी माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. "उद्या दिलं असतं की गं," एवढंच म्हणाल्या. मला त्यांच्याबद्दल इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती. त्यांच्याबरोबर बाहेर पडण्याची लाज त्या रस्त्यावरच गळून गेली.

भाव पुढे आणखी उतरला, अगदी त्या म्हणाल्या तसा. आता सगळं गाव उलटं बोलू लागलं. घरात पैसे घालणारा वेडा, हे दिवस काही पालटत नाहीत, असं जो तो सांगे. पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर एका रविवारी आम्ही त्याच इमारतीखाली गेलो. दोऱ्यांवर निळे फ्रॉक होते, खाकी चड्ड्या होत्या, एका बाल्कनीत पांढऱ्या मोज्यांची रांगच लागली होती. सासूबाई घरी आल्या आणि चप्पल काढायच्या आत म्हणाल्या, "आता घ्यायचं."

संदीप कासावीस झाला. "आई, सगळे म्हणतायत अजून पडणार."

"सगळे चढनार म्हनत हुते, तवा तू घ्यायला निघालावतास," त्या म्हणाल्या. "ऊठ."

बिल्डरने त्यांना बघताच कपाळाला हात लावला. त्यांनीही कसर सोडली नाही. आधी ठरलेल्या भावाच्या कितीतरी खाली आणून, वर किचन ट्रॉली घेऊनच त्या उठल्या. आणि भाव थांबला. मग चढला. पुढच्या दिवाळीत बोर्डावर फुकट असं काहीच राहिलं नव्हतं. वास्तुशांतीला सगळी गल्ली पुरणपोळी खाऊन गेली. कोणी म्हणालं, "सुभेदारीणबाई, तुम्ही बरोबर ओळखलंत हो," की त्या मुळीच लाजत नसत. "व्हय, मीच वळखलं," म्हणून आणखी एक पोळी वाढत.

संदीपला मग नादच लागला. रोज मोबाइलवर बघून तो घराचा नवा भाव सांगायचा. आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदा जेवताना ताट बाजूला सारलं. "भाव इकनाऱ्यानं बघायचा रं. हितं आपन ऱ्हातो. ह्या घरात पुना भाव काढायचा न्हाई." त्यानंतर गावाला त्या खुशाल सल्ला देत राहिल्या, आपल्या घराचा आकडा मात्र कोणाला उच्चारू दिला नाही.

गेल्या थंडीत त्या गेल्या. त्याच घरात, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो त्या खोलीत. दिवस झाल्यावर थोड्याच दिवसांत एक एजंट आला. मुलगा चांगला होता, आधी फोटोला नमस्कार केला. मग म्हणाला, "साहेब, तीन खोल्यांचं घर आता तुम्हाला मोठंच पडेल. गिऱ्हाईक तयार आहे. भाव ऐकून तर घ्या, विश्वास बसणार नाही."

संदीपने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"चहा घ्या," तो म्हणाला. "पण आकडा सांगू नका. आईच्या घरात चालत नाही."