सर्व्हर म्हणाला, मालक आत आहेत

मला फसवलं गेलं. माझ्याच ऑफिसात, माझ्याच सर्व्हरवर, माझ्याच नावाने आत शिरून कोणीतरी माझा अख्खा हंगाम वाशीच्या एका निर्यातदाराला विकून टाकला... आणि मी समोर उभा राहून बघत होतो. फसवणारा कोण, हे आजही सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितोय.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरात लोक लिहितात — पिंपळाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा — मी वाचतो आणि हसतो. भद्रकालीच्या भंगारबाजारात रद्दी पुठ्ठा विकून मी वर आलोय. मला भूत भेटलं असतं तर मी आधी त्याला भाव विचारला असता.

२००६ साल. सातपूर एमआयडीसीत माझा द्राक्षाचे बॉक्स बनवायचा कारखाना. हंगाम तोंडावर आला की बागाईतदार आणि निर्यातदार सगळेच मागे लागायचे. फोनवर भाव बोलला की ऑफिसातल्या सगळ्या कानांवर जायचा. म्हणून मी हेमंतकडून वेबसाइट करून घेतली. हेमंत म्हणजे कॉलेज रोडला राहणारा कॉम्प्युटर इंजिनिअर. सर्व्हर माझ्याच केबिनच्या कोपऱ्यात बसवला. गिऱ्हाइकाने आपल्या नावाने, आपल्या पासवर्डने आत यायचं, मागणी लिहायची, मी उत्तर द्यायचं. एकाचा भाव दुसऱ्याला दिसणार नाही. आणि सौदा मंजूर करायचा अधिकार फक्त 'मालक' या नावाला; मंजूर केलं की गिऱ्हाइकाला आपोआप मेल जायचा. ते नाव एका वेळी एकाच ठिकाणी आत येऊ शकेल, हीसुद्धा माझीच अट.

"भाऊ, एवढी कडी-कुलपं बँकेत पण नसतात," हेमंत म्हणाला होता.

"बँकेत माझे कारकून नसतात," मी म्हणालो.

त्या वर्षी मी दिंडोरीच्या रंगनाथतात्यांना शब्द दिला होता. मी सायकलवर पुठ्ठा बांधून गावोगाव फिरायचो तेव्हा माझ्याकडून पहिला माल घेणारा माणूस म्हणजे तात्या. आता त्यांच्या मागे त्यांच्या शिवारातले बरेच बागाईतदार होते. त्यांनी कागद मागितला नाही, मी दिला नाही. "आधी तुमचे बॉक्स, मग जगाचे," एवढंच म्हणालो होतो.

तेवढ्यात वाशीच्या त्या निर्यातदाराने वेबसाइटवर हंगामाचा सगळाच्या सगळा माल मागितला. मला द्यायचा नव्हता. पण तो कुठवर चढतो ते बघायचं होतं, म्हणून मी नाही न म्हणता झुलवत ठेवला. धंदा असाच शिकतात. आणि द्यायचं नसलं तरी शेवटचा आकडा मनात असतोच. बाजारात वाढलेल्या माणसाच्या मनात प्रत्येक वस्तूचा असतो, राहत्या घराचासुद्धा असतो. तो आकडा बोलायचा नाही, लिहायचा नाही, बायकोला सांगायचा नाही. मी कधीच सांगितला नाही.

तर त्या दिवशी दुपारी जेवून केबिनमध्ये आलो. दाराला मीच कुलूप लावून गेलो होतो, मीच ते उघडलं. खुर्चीत बसलो, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. स्क्रीनवर आलं — 'मालक' सध्या आत आहेत.

घाईत चुकलं असेल म्हणून पुन्हा टाकला. तेच.

हेमंतला फोन लावला. "कुठे आहेस? आहेस तिथून ये. माझ्या नावाने कोणीतरी आत बसलंय!"

तो स्कूटरवरून आला, सर्व्हरवर बसला आणि आत कोण कोण आहे ते उघडून बघितलं. एकच नाव होतं.

"भाऊ... हे याच मशीनवरून आहे. तुम्हीच आहात आत."

"मी तुझ्यासमोर उभा आहे ना! डोळे फुटले का?"

"मी बाहेर काढतो त्याला." त्याने काढलं. नाव गेलं. आम्ही श्वास सोडतोय तोच नाव परत आलं.

"पासवर्ड बदला," हेमंत म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी जन्मात कोणाला सांगितला नव्हता असा शब्द टाकला. त्याने पुन्हा त्या नावाला बाहेर काढलं. हात कीबोर्डवरून उचलतोय तोवर नाव पुन्हा आत. नव्या पासवर्डने.

मी हेमंतची कॉलर धरली. "किती घेतलेस रे वाशीवाल्याकडून?"

"आईची शप्पथ भाऊ, सोडा! हे बघा आधी... तो सौदा करतोय."

त्याने सौद्याचं पान उघडलं. खाली एकेक ओळ उमटत होती. वाशीवाला भाव लिहीत होता आणि मालक उत्तर देत होता. आणि काय सांगू... ती घासाघीस माझी होती. मी चाराण्याच्या वर एकदम उतरत नाही. तो चाराण्यानेच उतरत होता. मी उतरायच्या आधी मालाची निंदा केल्याबद्दल रागावतो, तो रागावला. 'जमत नसेल तर राहू द्या, चहा पिऊन जा' हे माझं ठरलेलं वाक्य. वाशीत बसलेल्या माणसाला चहा कसला? पण ते वाक्यही तिथे आलं.

"आता अजून एकदा उतरेल, मग थांबेल," मी म्हणालो. तो उतरला आणि थांबला.

मग ओळ आली — 'मुलीची परीक्षा कधी आहे?'

शेवटचा आकडा सांगायच्या आधी मी नेहमी समोरच्याच्या मुलाबाळांची विचारपूस करतो. माणूस घराकडे वळतो, सैल पडतो. हा डाव मी कोणाला शिकवलेला नाही.

"केबल काढ! हेमंत, केबल काढ!"

त्याने सर्व्हरमागची नेटवर्कची केबल उपटली आणि हातात धरून उभा राहिला. स्क्रीन शांत झाली. बाहेर कटिंग मशीनचा आवाज चालू होता. हेमंत म्हणाला, "गेलं भाऊ. आता काही बाहेर जाणार नाही."

आणि खाली एक ओळ उमटली. आकडा. माझा आकडा — पैशासकट. तो इथेही सांगणार नाही. त्याच्याखाली — मंजूर.

मी मशीनचा प्लगच खेचला. स्क्रीन काळी झाली आणि टेबलावरचा फोन वाजला. वाशीवाला होता, खुशीत.

"मान गये शेठ! आत्ताच मेल आला तुमचा. शेवटी उतरलात म्हणायचं!"

केबल अजून हेमंतच्या हातात होती.

वाशीला जाऊन भांडलो, टेबल आपटलं. तो म्हणाला, "मेल तुमचा, लॉगिन तुमचं. उद्या प्रत्येक जण म्हणेल मी नव्हतोच." खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. पुण्याहून मोठा माणूस आणून सर्व्हर तपासला. त्याने सांगितलं, कुठे काही फोडलेलं नाही, सगळं जसं हवं तसं बसवलंय. मालक दुपारी याच मशीनवर आत आले आणि त्यांचा पासवर्ड एकदाही चुकला नाही. मेल कसा गेला, हे त्यालाही सांगता आलं नाही. हेमंत त्यानंतर माझ्याकडे आला नाही. महिन्याभरात बंगळुरूला गेला असं कळलं. त्याच्यावरचा संशय मी सोडलेला नाही... पण तो आकडा त्याला कुठून कळणार?

तात्यांना मी निरोप धाडला नाही, स्वतः गेलो. द्राक्ष काढून शेडमध्ये पडलं होतं, दुसरीकडून बॉक्स वेळेवर आले नव्हते. तात्या ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, केबलसकट.

"लय मोठा झाला तू, अशोक," ते म्हणाले. "नाय द्यायचं तर तोंडावर नाय म्हणायचं. त्या डब्यावर कशाला ढकलतो?"

"तात्या, मी नव्हतो हो."

"मग कोण व्हतं?"

त्यांनी चहाला विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

मी खूप डोकं फोडलं. स्पष्टीकरण नाही. कॉम्प्युटरवाले वाचत असतील तर त्यांनी सांगावं, देवाधर्माचे असतील तर त्यांनी सांगावं, मी दोघांचंही ऐकेन. पण सहानुभूती नको. ज्याने माझ्या नावाने 'मंजूर' म्हटलं, तो माणूस असो की आणखी काही, त्याने दिंडोरीला जावं, तात्यांच्या ओट्यासमोर उभं राहावं आणि सांगावं — अशोक नव्हता, मी होतो. तात्यांचं वय झालंय. लवकर जावं.