मंगलावहिनींच्या कपाटाची चावी

किस्से भरलेल्या कपाटासारखे असतात. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. सुरतेत साडीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, डिस्पॅच क्लार्क म्हणून माझा जन्म गेला. आता निवृत्त झालो. मित्र जमले की एखादाच सांगायचा म्हणून सुरुवात करतो आणि सोनवणे मास्तरांचं कपाट उघडून बसतो.

सोनवणे आमच्या फोल्डिंगचे मास्तर. अमळनेरकडचे. सुरतेतल्या लिंबायतला आमच्या भिंतीला लागून त्यांची खोली. खात्यात त्यांनी रचलेली साड्यांची थप्पी ओळंबा लावून बघावी! घरी मात्र त्यांना स्वतःचा बनियन सापडत नसे. लोखंडी कपाट एकच आणि त्यावर राज्य मंगलावहिनींचं. चावी परकराच्या नाडीला.

“माझा एक शर्ट तरी आत ठेव,” मास्तर म्हणायचे.

“दोरीवर काय वाईट आहे त्याचं? वारा लागतो!”

कपाटात वहिनींच्या नेसायच्या साड्या तीन. बाकी सगळा आहेर. आलेली साडी न नेसता ठेवायची आणि पुढच्या लग्नात दुसरीला द्यायची, हा आम्हा मंडळींचा शिरस्ता. अख्ख्या देशाला साड्या नेसवणारं गाव, पण आमच्या गल्लीत नवी साडी नेसलेली बाई दिसेल तर शपथ! कुठली कुणाकडून आली, हे फक्त वहिनींच्या डोक्यात.

* * *

खालच्या खणात एक हिरवी साडी होती. वहिनींच्या भावाने अमळनेरहून आणलेली. ती आहेराची नव्हती. वहिनींनी ती आमच्या हिला आणि गल्लीतल्या बायकांना दाखवली. मास्तरांना नाही.

“ही माझ्या शेवटच्या दिवसाची,” वहिनी म्हणाल्या. “सवाष्ण जाणार मी. हिरवी नेसून, माहेरची.”

बाहेर खाटेवर मी आणि मास्तर चहा पीत होतो. मास्तर तिथूनच ओरडले, “आणि मी आधी गेलो तर?”

“तर मला काय उपयोग तिचा? आपल्या रवीच्या लग्नात विहिणीला देऊन टाकीन!”

बायका खूप हसल्या.

* * *

प्लेगच्या भीतीने अर्धं सुरत पळालं, त्या दिवसांत वहिनी गेल्या. प्लेगने नाही, हृदयाने. पण तेव्हा कोण विचारतो? दवाखान्यातून चादरीत बांधून दिल्या. “सोडू नका, सरळ न्या.”

मास्तर म्हणाले, “निदान वरून ती साडी घालू.”

चावी शोधली. डब्यांत, देवामागे, पिठात. रवीने कपाटाला लाथा घातल्या. ती चावी चादरीच्या आत आहे, हे कुणालाच सुचलं नाही. शेवटी मी खात्यातून एक साडी आणली. तीही सेकंड, पदरावर डॅमेजचा शिक्का असलेली. पहिल्या दर्जाच्या मालाला कुलूप होतं.

मास्तरांनी साडी अंथरली आणि शिक्का आत जाईल अशी पदराची दुमड घातली. हाताची सवय!

* * *

तिसऱ्या दिवशी तापीकाठी राख सावडताना चावी सापडली. काळी ठिक्कर.

आम्ही चौघेच होतो. मास्तरांनी ती शर्टाला पुसली आणि खिशात टाकली.

“बाई कपाट घेऊनच निघाली होती,” ते म्हणाले.

* * *

कपाट पुढे दीड वर्ष बंद राहिलं. मग रवीचं लग्न ठरलं. खोलीत दुसरं कपाट मावणार नव्हतं.

“पप्पा, ती आपले कपडे क्यां मूकशे?” रवीने विचारलं. कुठे ठेवणार, म्हणजे. आमची मुलं अर्धी गुजराती.

“दोरीवर. वारा लागतो,” मास्तर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी चावीवाल्याला घेऊन आले आणि नमुना म्हणून ती काळी चावी दिली.

तो उलटसुलट बघत राहिला. “चाचा, ये कहाँ से निकाली?”

“घरवाली के पास थी.”

* * *

नेसायच्या तीन साड्या जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडीवालीला दाखवल्या. तिने उजेडात धरल्या. पलीकडची मशीद दिसली म्हणे! एक चहाची गाळणी देऊन ती गेली. बाईच्या अंगावरचं होतं नव्हतं ते सगळं, आणि बदल्यात गाळणी. चहा छान गाळते. मी प्यायलो आहे.

* * *

मास्तरांना मात्र कपाट रिकामं होण्याआधी ती हिरवी साडी हवी होती. जळताना नाही तर नाही, तापीत तरी तिच्याकडे पोचवायची. कपाटात हिरव्या निघाल्या पाच!

मी म्हणालो, “मास्तर, आमच्या हिला बोलावतो. तिने पाहिली आहे.”

“काय भो! साडी ओळखायला मला बाई लागेल?”

त्यांनी घड्या पाहिल्या. चार साड्यांना आमच्या खात्याची घडी. एकीला अमळनेरच्या दुकानातली, रुंद.

“हीच. बाकीचा माल इथला.”

पुलावरून स्वतःच्या हाताने सोडली. ती वाहत गेली तोवर उभे राहिले. घरी येऊन त्या रात्री पोटभर जेवले.

* * *

उरलेला आहेर त्यांनी साखरपुड्याला वाटला. कुणी कुठली दिली होती, ते सांगणारी नव्हती. म्हणून खात्याच्या रीतीने वाटला. रंगाप्रमाणे, दर्जाप्रमाणे. पहिल्या दर्जाची हिरवी विहिणीला. बाकीच्या बायकांना एकेक.

गल्लीतल्या चौधरीबाई कडाडल्या, “भाऊ, ही तर मीच दिलेली, रवीच्या जावळाला!”

“मग आवड विचारायला नको!” मास्तर म्हणाले.

* * *

लग्नाच्या दिवशी विहीणबाई हिरवी साडी नेसून मांडवात आल्या. आमच्या हिने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

“अहो, ती ही! काठावर मोर बघा. वहिनींनी दाखवलेली!”

“हळू. घडी तर आपल्या खात्याची होती.”

“वहिनींनीच बदलली होती. म्हणायच्या, यांच्यासारखी घडी मलाही येते!”

मास्तर मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. तेवढ्यात विहीणबाई समोर आल्या आणि कौतुकाने पदर पसरून म्हणाल्या, “व्याहीबुवा, कशी दिसते?”

मास्तरांनी पदरावरच्या घडीच्या रेघा पाहिल्या. एक बोट त्यांवरून फिरवलं. “छान. जपून नेसा,” म्हणाले.

त्या गेल्यावर माझ्याकडे वळले.

“बघा भाऊ,” ते म्हणाले, “विहिणीलाच मिळाली. म्हणजे आधी मीच गेलो!”