तिचे तीन फोटो

आयुष्यभर मी लोकांचे चेहरे टिपले, पण माझ्या बायकोचा हसरा फोटो माझ्याकडे नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. भिंतीवर जो फोटो आहे तो लग्नानंतर लगेच काढलेला. त्यातली मुलगी मला परकी वाटते. मला हवी आहे ती पन्नाशीतली, कानाजवळचे केस पांढरे झालेली, हसताना डावा डोळा जरा जास्त मिटणारी. तसा एक फोटो मी काढला होता. तो का उरला नाही, हे मुलांना मी एक सांगितलं आणि पाहुण्यांना दुसरं. खरं काय घडलं ते इथे लिहून ठेवतो.

नाशिकला रविवार कारंजाजवळ, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्रांचे, स्थळांकडे पाठवायला मुलींचे उभे फोटो. कॉलेजच्या अर्जासाठी माझ्याकडेच फोटो काढलेली गल्लीतली एक मुलगी पुढे डॉक्टर झाली आणि मुंबईत मेंदूवर संशोधन करू लागली. दोन हजार सालानंतर कधीतरी ती स्टुडिओत आली.

अपघातातून, आगीतून वाचलेल्या काही माणसांची भीती वर्षानुवर्षं का जात नाही, याचा ती अभ्यास करत होती. अशा माणसाला एमआरआयच्या यंत्रात झोपवायचं आणि डोळ्यांवरच्या आरशात एकेक चेहरा दाखवायचा. शांत, हसरा, घाबरलेला. त्या वेळी मेंदूत रक्त कुठे जास्त धावतं ते यंत्र टिपतं.

"आत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, काका," ती म्हणाली. "घाबरलेला चेहरा दिसला की तो जागा होतो. या लोकांमध्ये तो जरा जास्तच जागा होत असावा. खात्री करायचीय."

"मग माझं काय काम?"

"आमच्याकडचे सगळे चेहरे परदेशी आहेत. पिंपळगावचे एक आजोबा मला म्हणाले, हा गोरा भ्यालाय कुठं, ह्याला तर शिंक येतीय."

तिला इथल्या माणसांचे चेहरे हवे होते. करडा पडदा, सारखा उजेड, प्रत्येकाचे तीन फोटो. निगेटिव्ह तिच्याकडे राहणार, मी प्रत ठेवायची नाही. बायकांनी कुंकू पुसावं असंही तिच्या मनात होतं, पण एकही बाई तयार होईना, तेव्हा तिने तो हट्ट सोडला. जाताना मात्र तिने बजावलं, "कुणाला खरं घाबरवायचं नाही हं काका. फक्त अभिनय. आणि कुणी नंतर नको म्हटलं तर त्यांचे तिन्ही फोटो काढून टाकायचे."

माणसं गोळा करायला माझ्या बायकोने मदत केली. खालचा शिंपी आला, भाजीवाल्या मावशी आल्या, लासलगावचा माझा एक कांदा व्यापारी मित्र आला. हसरे आणि शांत चेहरे पटापट झाले. भीती काही कुणाला जमेना. व्यापारी डोळे वटारून बसला.

"भाऊ, हे तर तुमचं रोजचं लिलावातलं तोंड," बायको म्हणाली.

"वहिनी, तुम्ही बसा मग इथे. दाखवा करून."

"मला नाही बाई जमायचं," असं म्हणून ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. तिला भीतीची नक्कल जमणार नव्हती, कारण खरी भीती ती रोज अंगावर वागवत होती. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

नव्वदच्या सुमारास आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहत असताना शेजारणीचा रॉकेलचा स्टोव्ह भडकला होता. गोधडी घेऊन पहिली धावली ती माझी बायको. शेजारीण वाचली नाही. त्यानंतर आमच्याकडे गॅस आला, घर बदललं, पण कुठे कुणी स्टोव्हला पंप मारू लागलं की ही जागच्या जागी थिजायची. चहाची गाडी दिसली की रस्ता ओलांडायची. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, मन रमवा. मला जमलं ते मी केलं. स्टुडिओच्या जिन्याखाली एक चहावाला बसायचा. त्याला विनवून मी पलीकडच्या कोपऱ्यावर हलवलं, म्हणजे हिला डबा घेऊन यायला अडचण नको. तिने ते ओळखलं होतं. ती रोज स्वतः डबा आणू लागली. दुपारी पडदा ओढून आम्ही दोघं एका डब्यात जेवायचो. ते दिवस मला अजून हवेहवेसे वाटतात.

बाकीच्यांचं काम संपलं तरी भीतीचा एकही फोटो डॉक्टरांच्या पसंतीस उतरला नव्हता. मला ते लागलं. इतक्या वर्षांचा फोटोग्राफर मी, आणि एक चेहरा मिळू नये. मग एके दुपारी जेवणाआधी मी बायकोला म्हणालो, "बस जरा, तुझेही काढू." तिने कुंकू नीट केलं आणि बसली. शांत फोटो झाला. मग मी व्यापाऱ्याच्या तोंडाची नक्कल केली आणि ती हसली. तोच तो फोटो.

त्याआधी मी कोपऱ्यावर जाऊन आलो होतो. चहावाल्याला म्हणालो होतो, स्टोव्ह घेऊन वर ये, पडद्यामागे बस, मी खाकरलो की पंप मार.

"पण शेठ, वहिनींना चालत नाही ना?"

"आज चालेल," मी म्हणालो.

मी खाकरलो. पंपाच्या आवाजासरशी तिचा चेहरा जसा झाला तसा मी टिपला. हात हलला नाही माझा. मग मी चहावाल्याला जायला सांगितलं. ती पुष्कळ वेळ स्टुलाची कड धरून बसून होती. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही सांगितलंत त्याला?"

मी म्हणालो, "अगं, शास्त्राचं काम आहे. तुझ्यासारख्याच लोकांच्या उपयोगाचं."

"त्या मुलीला सांगा, माझे तिन्ही फोटो काढून टाक म्हणावं." एवढंच बोलून तिने डबा न उघडता पिशवीत ठेवला.

आठवड्याभराने तिने विचारलं, "सांगितलंत का?" मी हो म्हणालो. सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचा फोन आला होता आणि त्या फोटोवर त्या फार खूश होत्या. बायको पूर्वी नाटकात काम करायची, असं मी ठोकून दिलं होतं.

त्यानंतर ती माझ्या कॅमेऱ्यासमोर कधी बसली नाही. मुलीच्या लग्नात मी कॅमेरा उचलला की ती वाकून काहीतरी शोधायला लागायची. बोलणं-चालणं सगळं पूर्वीसारखं होतं. माझी औषधं, माझा चहा, कशात कमी केलं नाही. डबा मात्र मुलगा आणायचा.

ती गेल्यावर मी मुंबईला फोन लावला. हसऱ्या फोटोची एक प्रत मिळेल का, एवढंच विचारायचं होतं.

"काकूंचा? उद्याच पाठवते," डॉक्टर म्हणाल्या. "काय अभिनय करायच्या हो. त्यांचा घाबरलेला चेहरा आम्ही अजून वापरतो. तो आला की यंत्रातली माणसं कासावीस होतात."

तिथे मी बरं म्हणून फोन ठेवला असता तर आज तो फोटो माझ्या भिंतीवर असता. पण ती माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली. हलताही येत नाही अशा अरुंद जागी झोपलेली, कुठल्या तरी आगीतून आलेली, आणि वर आरशात माझी बायको. मी सगळं सांगून टाकलं. स्टोव्ह, आणि तिने फोटो काढून टाकायला सांगितलं होतं तेसुद्धा.

मग त्या हळू म्हणाल्या, "काका, मग हे मला काढून टाकावंच लागेल. पूर्वीच्या कामातही दुरुस्ती करावी लागेल." मग त्यांनी विचारलं, "काकूंनी फक्त तो एकच काढून टाका म्हटलं होतं, की तिन्ही?"

हसरा फोटो मागायला त्या मला वाट करून देत होत्या, हे मला कळलं. ती हसली होती ती माझ्यासाठी, संशोधनासाठी नव्हे, असंही मनात आलं. फोनची तार बोटाला गुंडाळत मी उभा होतो.

"तिन्ही," मी म्हणालो.

नष्ट करण्याआधी एकदा पाहायला या, असं त्या म्हणाल्या. मी गेलो नाही. तिने नको म्हटलं होतं, तरी मी ते फोटो एकदा राहू दिले होते.