दुसरेसाहेब

दुसरेसाहेब कुठलीही वस्तू कायम एकाच माणसाकडून घेत नसत. मस्कतच्या रुवी भागात त्यांचे न्हावी दोन, अल मवालेहच्या बाजारात भाजीवालेही दोन. चांगला माल पुढच्या गाळ्यावर मिळे; तरी थोडे टोमॅटो ते मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याकडून न चुकता घेत. मी एकदा हसलो. ते म्हणाले, "हसा. पुढचा गाळा बंद असेल त्या दिवशी हा इथे असायला नको?"

मस्कतमधल्या आमच्या कंपनीकडे लष्करी ट्रकांच्या देखभालीचे कंत्राट होते. ते खरेदी पाहत, मी तपासणी. प्रत्येक सुट्या भागासाठी ते विचारत, "दुसरा कोण?" त्यावरून हे नाव पडले.

ब्रेकच्या रबरी सीलचा पुरवठादार एकच होता, तोही परदेशी. साहेबांनी रुसैलच्या औद्योगिक वसाहतीतले चिपळूणच्या सावंतांचे छोटे वर्कशॉप हेरले. सावंतांचे पहिले नमुने मी नापास केले. त्यानंतरचेही केले. सावंत वैतागले. "साहेब, या गृहस्थांना माझ्यासाठी मुलगी बघायला नेलं असतं, तर मी अजून बिनलग्नाचा असतो!" साहेब त्यांच्याबरोबर पुन्हा साचा दुरुस्त करायला बसले. अखेर लष्कराची मंजुरी आली. तेव्हापासून दर मागणीतला लहानसा वाटा साहेब सावंतांसाठी राखून ठेवत. "मंजुरी मिळाली म्हणजे संपलं नाही. काम दिलं नाही, तर माणसं राहत नाहीत."

नव्या व्यवस्थापकांना तो वाटा महाग वाटला. "खलास. सगळं एकाकडेच द्या. सावंत मंजूर पुरवठादारांच्या यादीत आहेच की." साहेबांनी विरोध केला. उपयोग झाला नाही. काही महिन्यांत सावंतांनी यंत्रे विकली आणि ते गावी गेले.

पुढे परदेशातून येणारा माल अचानक थांबला. ट्रक आवारात उभे राहिले. साहेबांनी चिपळूणला फोन लावला. सावंत म्हणाले, "साचा भंगारात गेला, साहेब. पोरं पांगली. मी एकटा काय करू?"

व्यवस्थापकांनी साहेबांना बोलावून घेतले. "तुमचा तो दुसरा कुठे आहे?"

"यादीत," साहेब म्हणाले.

कंत्राट गेले. पाठोपाठ साहेबांचे पदही गेले. ज्या कामात त्यांचे आयुष्य गेले, त्यातले काहीही मागे उरले नाही.

ते कायमचे परत निघाले, त्या दिवशी विमानतळावर मी त्यांना सोडणार होतो. वाटेत त्यांनी गाडी मवालेहकडे घ्यायला लावली.

"आज भाजी कशाला?" मी विचारले.

त्यांनी मागच्या रांगेत जाऊन म्हाताऱ्याकडून किलोभर टोमॅटो घेतले आणि पिशवी माझ्या हातात दिली.