मधली हवा

सून केतकीने कॉम्प्युटरची वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि पंखा सोडवला. त्याच्या बुडाशी जुनी पेस्ट चुन्यासारखी वाळली होती. ती पुसून, नवा प्रोसेसर बसवून तिने वर तुरीच्या दाण्याएवढी ताजी पेस्ट ठेवली.

“एवढीशीच? कंजूष कुठली!”

“आई, दोन्ही पत्रे गुळगुळीत दिसले तरी मध्ये हवा राहते, तेवढी फट भरण्यापुरतीच ही पेस्ट. हवा राहिली की तापतं.”

मला हसू फुटलं. लग्नानंतर मी मैत्रिणींना ऐटीत सांगायचे, आमच्या दोघांत वारासुद्धा शिरणार नाही! काय शहाणी होते मी! आता आमच्यामध्ये अख्खी खोली मावते. बोलणं गोळ्यांपुरतं आणि दुधापुरतं. आम्ही तर तापतही नाही.

“आणि ही वाळली की?”

“पुसून नवी लावायची. नाही लावली तर मशीन आधी मंदावतं, मग बंद पडतं.”

मी ह्यांच्यासाठी चहा घेऊन आत गेले.

“ऐकलंत का, कॉम्प्युटर झाला बरं का नवा.”

“ठेव तिथे,” हे पेपरातूनच म्हणाले.

कप ठेवला. चहावर साय धरेपर्यंत तिथेच उभी राहिले.